पेठ कोणाची?

१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग वेगळा काढून सिंधुदुर्ग जिल्हा झाला. मुख्यालयासाठी सावंतवाडी, मालवण, वेंगुर्ले, कुडाळ, कणकवली यांपैकी एकाही जुन्या पेठेची निवड झाली नाही. मुंबई-गोवा महामार्गावर कुडाळ आणि कणकवली यांच्या मधोमध असलेल्या ओरोसला सरकारने नवी नगरी वसवायला घेतली आणि तिला सिंधुदुर्गनगरी असे भारदस्त नाव दिले. जिल्हाधिकारी कार्यालय आले, जिल्हा परिषद आली, न्यायालय आले, जिल्हा रुग्णालय आले. कोकण रेल्वेने स्थानक दिले, २०२१ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. एखादे गाव मोठे व्हायला जे जे लागते असे आपण समजतो, ते सगळे ओरोसच्या पदरात पडले. तरीही चार दशके उलटून गेल्यावर तिथे म्हणावी तशी पेठ उभी राहिलेली नाही. सकाळी कचेऱ्यांत माणसे येतात आणि संध्याकाळी कुडाळ-कणकवलीकडे परततात. दाखल्यासाठी ओरोस गाठायचे. कापड, खत, औषध, भांडी, लग्नपत्रिका यांसाठी मात्र कुडाळ. कुडाळची पेठ कोणी आखली नव्हती, तिच्यासाठी कोणते प्राधिकरण नेमले गेले नव्हते, आणि बाजाराच्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते. ग्रामीण जिल्ह्यातले छोटे शहर कशाने उभे राहते, हे समजून घ्यायला याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

सिंधुदुर्गात मोठे शहर नाहीच. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८,४९,६५१ भरली, त्यातले नागरी भागात राहणारे जेमतेम साडेबारा टक्के. महाराष्ट्राची सरासरी पंचेचाळीस टक्क्यांची, म्हणजे या बाबतीत सिंधुदुर्ग गडचिरोलीच्या शेजारी बसतो. सर्वांत मोठे शहर सावंतवाडी, त्याची वस्ती चोवीस हजारांच्या आत. मालवण एकोणीस हजारांच्या आत, वेंगुर्ले बारा हजारांच्या आसपास. मुंबईच्या एखाद्या वॉर्डात ही सगळी शहरे सहज मावतील. म्हणूनच मंत्रालयातून पाहिले की ती दिसत नाहीत, आणि दिसली तरी दोनच प्रकारे दिसतात: वाढायचे राहून गेलेली शहरे, किंवा जरा फुगलेली खेडी. माझे म्हणणे असे की या दोन्ही नजरा चुकीच्या आहेत. पेठेचे मोल तिच्या हद्दीत किती माणसे झोपतात यावर ठरत नाही, दिवसभरात किती वाड्या तिच्यात येऊन जातात यावर ठरते. आपला कायदा मात्र रात्री झोपणाऱ्यांची गणती करतो आणि त्यांनाच मालक मानतो. छोट्या शहरांच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ मला इथे दिसते.

कोकणातले गाव देशावरच्या गावासारखे एका जागी नसते. एका महसुली गावात आठ-दहा वाड्या, दोन वाड्यांत डोंगराची धार किंवा वहाळ, घराघराभोवती आवाठ आणि कुंपण. ग्रामदैवताचे देऊळ एकीकडे, शाळा दुसरीकडे, रेशनचे दुकान तिसरीकडे. गावऱ्हाटी, म्हणजे देवस्थानाभोवतीची परंपरागत मानपानाची व्यवस्था, वर्षातून काही दिवस सगळ्यांना देवळात एकत्र आणते, तेही ज्याच्या त्याच्या मानापानाच्या ओळीत. रोजच्या व्यवहारात एका गावचा माणूस दुसऱ्या गावच्या माणसाला भेटण्याची जागा गावात नाही, पेठेत आहे. सोयरीक तिथे जमते, जमिनीचा वाद तिथे वकिलाच्या पायरीवर जातो, दशावताराच्या कंपनीची तारीख तिथे ठरते, मजूर तिथे मिळतो, राजकारण तिथल्या तिठ्यावरच्या चहाच्या टपरीवर शिजते. जिल्ह्यात सातशेहून अधिक गावे आहेत. त्यांना ‘जिल्हा’ म्हणून एकमेकांशी बांधणारे धागे या सात-आठ पेठांतून जातात.

चतुर्थीच्या आधीचा आठवडी बाजार याचा उत्तम नमुना आहे. रस्त्याच्या कडेने ओळीने बाया बसलेल्या असतात. पुढ्यात गोणपाट, आणि त्यावर गणपतीवर टांगायच्या माटवीचे सामान: कवंडळे, कांगली, तिरफळांचे घोस, सुपारीची शिपटे, आंब्याचे टाळ. या मालाला भांडवल लागत नाही, रान माहीत असावे लागते. कुठल्या धारेवर कवंडळाचा वेल आहे आणि तो कधी पिकतो, हे ज्ञान एरवी बाजारात कवडीमोल असते. त्या चार दिवसांत त्याला किंमत येते. उन्हाळ्याच्या तोंडावर याच बाया ओले काजूगर घेऊन बसतात, शेकड्याच्या हिशेबाने. सोललेल्या काजूच्या चिकाने बोटांची साल गेलेली असते. वर्षभर भाजीच्या जुड्या, गावठी अंडी, सोले, नारळ, वाट्यावर मांडलेली सुकी मासळी. माल तीनशे-चारशे रुपयांचा. अर्थशास्त्राच्या खात्यात त्याची नोंदही होत नसेल. पण त्या बाईची फेरी पाहा. माल खपला की ती बँकेत पासबुक भरून घेते, कोयतीला धार लावून घेते, डॉक्टरला गुडघा दाखवते, मुलीच्या कॉलेजचा फॉर्म झेरॉक्सच्या दुकानातून भरून घेते, माहेरच्या गावची कोणी भेटली तर आईची खबर घेते आणि चारच्या गाडीने परत जाते. एका तिकिटात सहा कामे. पेठेची खरी सेवा ही: विखुरलेल्या वस्तीतल्या माणसाच्या सहा गरजा ती एका दिवसात, चालत जाता येईल एवढ्या अंतरात आणून ठेवते. वस्तू आता घरपोच येतात, टेम्पोतून मासे वाडीवर येतात, मोबाइलवर साडी मागवता येते. हे सगळे सोयीचे आहे, त्याविरुद्ध माझी तक्रार नाही. मात्र घरपोच येते ती वस्तू. तिच्याभोवतीची बाकी पाच कामे येत नाहीत, आणि त्या बाईचे काजूगर विकत घ्यायला तर टेम्पोवाला येतच नाही.

ओरोस का फुलले नाही, याचेही उत्तर यातच आहे. कचेरीत माणसाचे एकच काम असते. ते झाले, किंवा ‘उद्या या’ म्हणून न झाले, की तो निघतो. पेठेत एका कामासाठी आलेला माणूस दुसऱ्या चार जणांचे पोट भरतो. शिवाय कचेरीत येणारा नेहमी मागायला आलेला असतो, बाजारात येणारा काहीतरी विकायलाही आलेला असतो. विकण्याची जागा नसलेले गाव नुसत्या शिक्क्यांवर वाढत नाही.

या फेरीचा दुसरा आधार म्हणजे एसटी, आणि त्यातही वस्तीची गाडी. संध्याकाळी आगारातून सुटणारी शेवटची बस गावात मुक्कामाला जाते, चालक-वाहक शाळेच्या ओसरीवर किंवा देवळाच्या धर्मशाळेत झोपतात, आणि पहाटे तीच गाडी पहिल्या प्रवाशांना घेऊन पेठेकडे येते. शहरात वाढलेल्या माणसाला या एका गाडीचे महत्त्व पटकन कळायचे नाही. वाडीतल्या मुलीला अकरावीला विज्ञान शाखा घेता येते की नाही, हे पुष्कळदा या गाडीवर ठरते. प्रात्यक्षिके दुपारी उशिरापर्यंत चालतात. परतीची गाडी असेल तर विज्ञान, नसेल तर जवळ जे मिळेल ते. पेठेतली दुकानेसुद्धा वस्तीच्या गाड्या सुटल्या की फळ्या लावायला घेतात. २०२१-२२ च्या एसटी संपात या गाड्या महिनोन् महिने उभ्या राहिल्या, तेव्हा पेठा आणि गावे दोन्ही एकदम ओकीबोकी झाली. त्यानंतर २०२३ मध्ये बायकांना अर्धे तिकीट झाले. चांगला निर्णय. पण ज्या वाडीवरची फेरीच रद्द झाली, तिथे अर्धे तिकीट कशाचे काढायचे? फेरी रद्द करताना आगाराचा हिशेब डिझेल आणि तिकिटांचा असतो. त्या फेरीवर किती शाळकरी मुली होत्या, किती बायांचा बाजार होता, याचा रकाना त्या कागदात नसतो, आणि तो भरा असे म्हणणारी अधिकाराची जागाही कुठे नसते. मुद्दा इथून पुढे थेट कारभाराकडे जातो.

त्याआधी थोडे मागे पाहायला हवे, कारण या पेठांचे नशीब नेहमीच दूर कुठेतरी आखलेल्या रेघांनी ठरवले आहे. वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात डचांनी वखार घातली. पुढे इंग्रजी अमलात आंबोली घाटातून बेळगावला जाणारा रस्ता झाला आणि घाटावरचा माल वेंगुर्ले बंदरातून जाऊ लागला. १८७६ मध्ये इथे नगरपालिका झाली, पुढे मिशनऱ्यांचे रुग्णालय आले. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष आणि नंतर भारतातले अमेरिकी राजदूत झालेले रॉबर्ट गोहीन १९१९ साली वेंगुर्ल्यातच जन्मले, कारण त्यांचे आईवडील इथे मिशनरी होते. पण घाटावर रेल्वे आली, मुरगावचे बंदर तिला जोडले गेले आणि बेळगावचा माल तिकडे वळला. पुढे मुंबईच्या बोटीही बंद पडल्या. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, तीही आतून गेली. वेंगुर्ले, मालवण, देवगड ही समुद्रावरची तिन्ही शहरे रुळापासून दूरच राहिली. सावंतवाडीचे स्थानक शहराबाहेर मळगावला झाले, आणि झाराप-पत्रादेवी मार्गाने महामार्गही शहराला टाळून गेला. कणकवलीत उलट प्रकार: महामार्ग शहराच्या डोक्यावरून उड्डाणपुलाने गेला. यातला कुठलाही निर्णय घेताना पेठेला विचारले गेले असेल, पण पेठ म्हणजे कोण, हे ठरलेले नसल्यामुळे त्या विचारण्याला अर्थ नव्हता.

आपल्या राज्यघटनेत ७३ वी दुरुस्ती खेड्यांसाठी आणि ७४ वी शहरांसाठी. दोन्ही १९९२ च्या, दोन्ही मोलाच्या, पण त्यांच्यामधून एक भिंत गेली. जनगणनेचा नियम सांगतो की किमान पाच हजार वस्ती, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान तीन चतुर्थांश बिगरशेती कामात आणि चौरस किलोमीटरला चारशेची घनता असली की ते गणनेपुरते शहर. २००१ मध्ये देशात अशी १,३६२ गणना-शहरे होती, २०११ मध्ये ३,८९४. म्हणजे दहा वर्षांत अडीच हजारांहून अधिक गावे माणसांच्या वागण्याने शहरे झाली आणि कारभाराने गावेच राहिली. महाराष्ट्राने २०१४ च्या सुमारास तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायती करण्याचे धोरण घेतले, आणि सिंधुदुर्गात कुडाळ, देवगड-जामसंडे, वैभववाडी, दोडामार्ग यांना नगरपंचायती मिळाल्या. हेतू योग्य होता. बारा-पंधरा हजारांच्या गावाला सांडपाणी, अग्निशमन, बांधकाम नियंत्रण हे सगळे ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या यंत्रणेवर सोडणे धोक्याचेच होते.

पण त्या बदलात काय गेले, ते कोणी मोजले नाही. ग्रामपंचायत गेली तशी ग्रामसभा गेली. ग्रामसभा नीट चालत नाही, सह्या घरोघर फिरवून घेतल्या जातात, हे सगळे खरे. तरीही कायद्याने तिथे कुठलाही मतदार उभा राहून सरपंचाला जमाखर्च विचारू शकतो, आणि तिच्याआधी बायकांची वेगळी सभा घ्यावी लागते. मोठ्या शहरात तिच्या जागी प्रभाग समिती असते, पण घटनेने ती सक्तीची केली आहे ती तीन लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत. २००५ च्या नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाने राज्यांना लोकसहभागाचा कायदा करायची अट घातली, पण मतदाराने नगरसेवकाला जाहीर सभेत हिशेब विचारण्याची सवय त्यातून छोट्या शहरांत काही रुजली नाही. परिणाम असा की लोकशाहीतला सर्वांत कमी बोलता येणारा नागरिक ना खेड्यात राहतो ना महानगरात. तो नगरपंचायतीत राहतो.

दुसरी गोष्ट याहून विचित्र आहे. पंचायत समिती आणि जिल्हा परिषद या ग्रामीण संस्था. नगरपंचायत झाली की ते गाव त्यांच्या मतदारसंघांतून बाहेर पडते. कुडाळ पंचायत समितीचा कारभार कुडाळात बसून चालतो, पण कुडाळच्या मतदाराला तिच्या निवडणुकीत मत नाही. आणि तालुक्यातल्या नेरूर, पिंगुळी, माणगाव अशा गावांतून रोज कुडाळात येणाऱ्या माणसाला कुडाळ नगरपंचायतीच्या निवडणुकीत मत नाही. एक पेठ, एक तालुका, आणि दोन मतदारयाद्या ज्या एकमेकींना ओळखत नाहीत. याचा रोजचा परिणाम पाहायचा तर बाजारातले बायकांचे स्वच्छतागृह पाहावे. ते सर्वांत जास्त वापरतात त्या सकाळी सहाला वाडीवरून निघून दुपारी चारपर्यंत रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या बाया. पेठेत राहणारी बाई घरी जाते. म्हणजे ज्यांना त्याची गरज आहे त्यांचे नाव यादीत नाही, आणि यादीत आहेत त्यांना गरज नाही. नगरसेवक वाईट असतो म्हणून ते स्वच्छतागृह घाण राहते असे नाही. त्याच्या निवडून येण्याशी त्याचा काही संबंधच नाही. कचऱ्याचे याच्या उलट: पेठेचा कचरा टाकायला जागा लागते ती हद्दीच्या टोकाला किंवा हद्दीबाहेर, आणि वास येतो त्या शेजारच्या वाडीला पेठेच्या ठरावात बोलायचा अधिकार नसतो.

यावर पहिला आक्षेप मला अपेक्षित आहे, आणि तो वजनदार आहे. लोकच जात आहेत, तर पेठा कोणासाठी सांभाळायच्या? २००१ ते २०११ या दशकात सिंधुदुर्गाची लोकसंख्या वाढली नाही, सव्वादोन टक्क्यांनी घटली. तरुण मुंबईला, पुण्याला, गोव्याला जातात. दोडामार्गची कितीतरी मुले रोज गोव्याच्या औद्योगिक वसाहतींत कामाला जाऊन येतात. मोठ्या शहरात एका जागी माणसे, कौशल्ये आणि भांडवल जमते, म्हणून तिथे काम जास्त आणि मजुरी जास्त. पैसा तिथेच घालावा आणि ज्यांना जायचे त्यांना जाऊ द्यावे, हे अर्थशास्त्रातले जुने आणि अभ्यासलेले म्हणणे आहे. ते मी नाकारत नाही. कोकणाचे अर्धे घर चाकरमान्याच्या मनिऑर्डरीवर चालले, ही गोष्ट शंभर वर्षांची आहे. पण हा युक्तिवाद गेलेल्यांचा हिशेब करतो, राहिलेल्यांचा करत नाही. वस्ती घटते तेव्हा मागे उरतात ते म्हातारे, लहान मुले आणि घर सांभाळणाऱ्या बाया. २०११ मध्ये या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,०३६ बायका होत्या, तो आकडा याच कहाणीचा आहे. या माणसांना मुंबईत मिळणाऱ्या जास्त मजुरीचा थेट उपयोग नाही. त्यांना दवाखाना, बँक, औषधाचे दुकान आणि परतीची गाडी लागते. वस्ती विरळ होत जाते तशी वाडीवरची प्रत्येक सेवा बंद पडते आणि पेठेवरचा भार वाढतो. म्हणजे ग्रामीण जिल्हा रिकामा होत असेल तर पेठेची गरज कमी होत नाही, ती शेवटचा आधार बनते.

दुसरा आक्षेप वेगळ्या बाजूने येतो आणि मला तो पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो. पेठेने गावाला काय दिले? सावकारी दिली, दलाली दिली. आंबा बागायतदाराच्या कलमांवर मोहोर यायच्या आधी व्यापाऱ्याचा आगाऊ पैसा बसलेला असतो, काजूबीचा दर बागायतदार ठरवत नाही. आणि छोटी वस्ती म्हणजे जातीची पकड: कोण कुठल्या आळीत राहतो, कोणाला भाड्याने खोली मिळते, हे सगळ्यांना माहीत असते. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली आणि व्यक्तीला राज्यघटनेचा पाया मानण्याचे समर्थन केले. त्या टीकेतून छोटे शहरही आपोआप सुटत नाही. हे सगळे कबूल करून मी एवढेच विचारतो की गावातून सुटण्याची पहिली पायरी बहुतेकांना कुठे सापडली? वसतिगृह पेठेत, हायस्कूल पेठेत, कोर्ट पेठेत, गावकीच्या डोळ्याआड चहा प्यायची जागा पेठेत. गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९४८ मध्ये गोपुरी आश्रम काढला तो कणकवलीजवळ वागद्याला. भंगीमुक्ती, मेलेल्या जनावरांचे चामडे सोडवणे, सुधारलेले संडास, ही त्या काळी घरादाराचा बहिष्कार ओढवणारी कामे तिथे उभी राहिली. रस्त्यावरच्या पेठेलगत येणारे-जाणारे पाहतात, बाहेरून कार्यकर्ता येऊ शकतो, एका गावकीची सत्ता तिथे पुरत नाही. पेठ न्यायी असते असे मी म्हणत नाही. ती गावाहून जास्त डोळ्यांपुढे असते, आणि अन्याय होतो तिथे पाहणारे डोळे असणे याला किंमत आहे. दलालीचे म्हणाल, तर तिच्यावरचा उपाय पेठ मोडणे हा नसून पेठेत बागायतदाराची स्वतःची जागा, तारण-गोदाम, सहकारी विक्री हा आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या ‘वेंगुर्ला’ जाती दिल्या आणि जिल्ह्याच्या डोंगरउतारांचे रूप बदलले. संशोधन पेठेत झाले आणि फायदा वाडीला गेला. विक्रीतही हे व्हायला काही नैसर्गिक अडचण नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. पेठांना महत्त्व दिले की प्रत्येक तालुका म्हणणार, आम्हालाही सगळे हवे: रुग्णालय, नाट्यगृह, औद्योगिक वसाहत. आठ तालुक्यांत आठ अर्धवट इमारती उभ्या राहणार. ही भीती खोटी नाही, अर्धवट इमारती आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. पण तसे होते याचे कारण पेठा एकमेकींशी बोलत नाहीत, प्रत्येक जण वेगळ्या वाटेने मुंबईला जाऊन मागतो. खरे तर सिंधुदुर्गाच्या पेठांत कामाची वाटणी केव्हाच झालेली आहे. सावंतवाडीला शिक्षण, लाकडी खेळणी आणि गंजिफा, मालवणला समुद्र, मासळी आणि १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाल्यापासून वाढलेला पाहुणा, कुडाळला औद्योगिक वसाहत आणि घाऊक व्यापार, कणकवलीला वाहतूक आणि दवाखाने, वेंगुर्ल्याला फळे. वस्ती छोटी म्हणून हातून मोठे काम होत नाही, असेही नाही. वेंगुर्ले नगरपरिषदेने आपला कचरा डेपो पालटून टाकला, ओला-सुका-प्लास्टिक वेगवेगळे करून बायोगॅस आणि खत काढायला सुरुवात केली, आणि कैक पटींनी मोठ्या शहरांचे अधिकारी ते पाहायला येऊ लागले. बारा हजारांच्या शहरात मुख्याधिकारी प्रत्येक आळी पायी फिरू शकतो, हा छोटेपणाचा फायदा आहे.

वाटणी नीट नसली की काय होते, हे आरोग्यात दिसते. गंभीर रुग्णाला सिंधुदुर्गातून गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात हलवायचे, ही वर्षानुवर्षांची रीत. २०१८ च्या सुरुवातीपासून गोव्याने परराज्यातल्या रुग्णांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली, तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडीतल्या घरांवर वीज पडावी तशी ती बातमी आली. गोव्याच्या करदात्याने आमचा भार का उचलावा, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. प्रश्न आपल्याकडचा होता: कुठल्या पेठेत रात्री भूल देणारा डॉक्टर हवा, कुठे रक्तपेढी, कुठून कुठे रुग्णवाहिका, हे आठही तालुक्यांनी एकत्र बसून कधी ठरवलेच नव्हते.

आणि गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की एकत्र बसण्याची जागा घटनेने आधीच दिलेली आहे. ७४ व्या दुरुस्तीत जिल्हा नियोजन समिती आहे, आणि तिचे काम पंचायती आणि नगरपालिका या दोघांच्या योजना जुळवून जिल्ह्याचा एक आराखडा करणे हे आहे. किमान चार पंचमांश सभासद निवडून आलेल्यांतून, ग्रामीण-नागरी लोकसंख्येच्या प्रमाणात. पाणी आणि इतर साधनसंपत्तीची वाटणी हाही तिचा विषय. महाराष्ट्राने १९९८ मध्ये कायदा केला, पालकमंत्र्यांना अध्यक्ष केले, आणि समितीची ओळख निधी वाटणारी बैठक अशी होऊन बसली. २०२२ नंतर तर राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर आणि नगरपालिकांवर वर्षानुवर्षे प्रशासकच होते, मग निवडून आलेले सभासद तरी कुठून येणार? भिंतीत दार होते, आपण त्याला कपाट टेकवून ठेवले.

जिल्ह्याच्या पातळीवर ते दार उघडेल तेव्हा उघडो. तालुक्याच्या पातळीवर थांबायचे कारण नाही. पंचायत समितीचे सभापती आणि सभासद, नगरपंचायतीचे नगराध्यक्ष, आगार व्यवस्थापक, ग्रामीण रुग्णालयाचे प्रमुख यांनी तीन महिन्यांतून एकदा, पेठेत, बाजाराच्या दिवशी, दारे उघडी ठेवून बसावे आणि ठराव करावेत. सरकारने एवढेच करायचे की त्या ठरावाला उत्तर देणे बंधनकारक करायचे आणि बाजार फीच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा त्या बैठकीच्या हाती द्यायचा, कारण ती फी वाडीवरच्या बाईनेच भरलेली असते. सत्ता कोणाकडे जाणार, पक्ष कुठले, याची भांडणे होतील. पंचायत समितीतही होतात. आमच्या शहराच्या पैशावर बाहेरगावच्यांनी का बोलावे, असे पेठेतले काही जण म्हणतील. त्यांच्या दुकानाचा गल्ला कोणत्या दिवशी सर्वांत जड असतो, हे त्यांना विचारावे. पहिल्या बैठकीपुढे दोनच विषय पुरे झाले. कुठल्या वाड्यांची वस्तीची गाडी बंद आहे आणि ती कोणत्या तारखेपासून सुरू होईल. आणि बाजारातल्या बायकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली कोणाकडे राहील.